बारा घोड्या आणि एक शिरीन

आमची सून बुरुलकान घोड्यांच्या धारा काढते. उन्हाळाभर, डोंगरातल्या वरच्या कुरणावर, बारा घोड्या, दिवसातून सहा वेळा. घोडी म्हणजे गाय नव्हे. दर दोन तासांनी धार काढली नाही तर ती आटते, आणि शिंगराने आधी तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मग माझा मुलगा ताबिल्दी शिंगरू ओढून बाजूला धरतो, आणि बुरुलकान एका गुडघ्यावर बसते, दुसऱ्या मांडीवर चरवी, कपाळ घोडीच्या कुशीला टेकलेलं. हे मी चाळीस वर्षं पाहतोय, पण तिच्यासारखी बसणारी पाहिली नाही.

यंदा तिची पाच महिन्यांची लेक शिरीन होती. माझी बायको सुयुमकान म्हणाली, पोर गावात थोरल्या लेकीकडे ठेवू, बाटलीवर वाढेल. बुरुलकान वाद घालत बसली नाही. तिने पाळणा घोड्यावर लादला आणि वर आली. सुयुमकानने मात्र बजावून ठेवलं, पोरीला वरची हवा मानवली नाही तर त्याच दिवशी खाली धाडायची.

मानवली की! दर दोन तासांनी घोड्या, मधला वेळ शिरीनचा. एकदा मी पाहिलं, बुरुलकान उभ्या उभ्या पोरीला पाजतेय आणि एका द्वाड शिंगराचं दावं दातांत धरलंय. मला बघून हसली, पण दावं सोडलं नाही.

तर एका गुरुवारी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, खाली न्यायला गावातल्या कबिलची गाडी आली होती. बुरुलकानने पोरीला पाजून पाळण्यात ठेवलं, तोच ताबिल्दीची हाक आली. मी म्हटलं, तू जा, मी बांधतो, सात नातवंडं वाढली या पाळण्यात. आमच्याकडे बाळाला पट्ट्यांनी पाळण्यात बांधतात, आणि लाकडाची नळी लावतात, म्हणजे ओलं सगळं खालच्या मडक्यात जातं आणि बाळ कोरडं राहतं. पिशवीतून नळी काढली, लावली, पट्टे आवळले. माझ्या मते झकास.

शिरीन रडायला लागली. झोके दिले, गाणं म्हटलं, खुळखुळा वाजवला. सुयुमकानने दृष्ट काढायला जुनिपरच्या फांदीची धुरी फिरवली. कबिलनेही गाडीतून उतरून मत दिलं, उंची लागली. मग सुयुमकान झबली गोळा करून गाठोडं बांधायलाच बसली. पोर खाली गेलं की आठवड्यात आईचं दूध आटणार, हे घोड्या पाळणाऱ्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

मी धावत बुरुलकानकडे गेलो. तंबूपासून चांगली दोनशे पावलं. ती चौथ्या घोडीखाली होती, आणि पान्हा सोडलेल्या घोडीला अर्ध्यात टाकता येत नाही. तिच्या सदऱ्याचा पुढचा भाग छातीपासून पोटापर्यंत भिजला होता. पोरीच्या रडण्याने तिलाही पान्हा फुटला होता, आणि हात मात्र चरवीवर तसेच, एका लयीत. पोरीला गाडीतून खाली धाडतायत म्हणून सांगितलं, तरी तिने मान वर केली नाही.

"बाबा, थांबून थांबून रडतेय ती," ती म्हणाली. "भूक असती तर सलग रडली असती. हवा लागली असती तर आवाज बसला असता. काहीतरी दाबतंय. नळी कुठली लावलीत?"

"पिशवीतली."

"पिशवीत दोन आहेत. तोंड गोल होतं की लांबट?"

मी आठवून पाहिलं. गोल होतं.

"गोल मुलग्यांची," ती म्हणाली, आणि घोडीची उरलेली धार काढत राहिली.

मी जसा आलो तसा माघारी पळालो. पट्टे सोडले. शिरीन भिजलेली, आणि मांडीच्या आत नाण्याएवढा लाल वळ. कोरडं करून लांबट नळी लावली. तिने दोन हुंदके दिले आणि मुठी सैल केल्या.

"सात नातवंडं म्हणे," सुयुमकान म्हणाली. "त्यांत मुली किती, हे तरी ठाऊक आहे का?"

कबिलने विचारलं, मग माझ्याबरोबर कोण येतंय? तर सुयुमकान म्हणते, "पोर इथेच राहील. या म्हाताऱ्याला ने हवं तर, बाटलीवर राहील." आणि गाठोडं सोडून झबली एकेक करून परत दोरीवर टाकू लागली.

बारावी घोडी झाल्यावर बुरुलकान आली. हात धुतले, पोरीला पाजायला घेतलं, लाल वळावरून एकदा बोट फिरवलं. माझ्याच्याने राहवेना. विचारलं, अगं, एवढ्या लांबून, बारा शिंगरं दावणीला खिंकाळत असताना, तुला त्या रडण्यातलं थांबणं कसं ऐकू आलं?

तिने पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"शिंगरं ओरडत होती का बाबा?" ती म्हणाली. "मला नाही ऐकू आली."