बाल्कनीतली अंबाडी

दुबईतल्या ज्या इंग्रजी वर्तमानपत्रात मी उपसंपादक होतो, त्याची घरबांधणीची पुरवणी बिल्डरांच्या जाहिरातींवर चालायची. २००८च्या मंदीत टॉवर अर्धवट थांबले, पुरवणी बंद झाली आणि तिच्याबरोबर माझी नोकरी गेली. बायको शाळेत गणित शिकवत होती. दुबई मरीनातलं घर सोडून आम्ही शेजारच्या स्वस्त अमिरातीत, अजमानला आलो. माझा आणि मुलीचा व्हिसा आता बायकोच्या नोकरीवर होता. ती नोकरी गेली की आम्ही परत जाणार, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे.

जुमेरा लेक टॉवर्समधली एक एजन्सी मला परदेशी वेबसाइटांचे लेख दुरुस्त करायला पाठवायची. कधी गाद्या, कधी दातांच्या कवळ्या. एकदा गांज्याची एक जात आली. बियाणं विकणारी कंपनी जिथली, तिथे ते कायदेशीर होतं. इथे नुसतं खिशात सापडलं तरी तुरुंग. मी एजन्सीच्या मालकांना फोन केला. ते पुण्याचे.

"अरे, आपण पेरतोय का? फक्त ग्रॅमर बघायचंय," ते म्हणाले. "यल्ला, पुढच्या आठवड्यापर्यंत खलास कर."

लेख भिकार होता. जात सटायव्हाकडे झुकणारी, म्हणजे उंच, सडपातळ, अरुंद पानांची, फुलायला वेळ घेणारी. एवढं एकच वाक्य धड. पहिल्या परिच्छेदात रोप कमरेएवढं, पुढे ते छताला टेकलेलं. वास आधी पिकल्या आंब्याचा, मग अननसाचा, शेवटी 'उन्हाळ्याच्या सुट्टीचा'. उंची आवरायला शेंडा खुडा, असं एकीकडे. शेंड्याला हात लावू नका, असं दुसरीकडे. बातमीदाराने असं काही दिलं असतं तर मी त्याला उभं करून विचारलं असतं. इथे तपासायचं कुठे? जातीचं नाव टाइप केलं की पडद्यावर साइट बंद असल्याची सरकारी सूचना यायची. ती पुन्हा पुन्हा आल्यावर लक्षात आलं, की तेवढ्या वेळा तो शब्द आमच्या घरातून शोधला गेला होता. मी शोधणं थांबवलं.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. लेखासोबतच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, दॅट्स आजीज प्लांट!"

सासूबाई तेव्हा लातूरहून आमच्याकडे आल्या होत्या. येताना त्यांनी अंबाडीचं बी आणलं होतं आणि मासळीबाजारातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत ते पेरलं होतं. मी बाल्कनीत गेलो. रोपं कठड्याच्या वर आली होती. करवती कडांची, पंज्यासारखी पानं. फोटोतली पानंही करवती कडांची, पंज्यासारखी.

मुलीला मी सांगितलं की फोटोतलं झाड वाईट असतं, त्याचं ड्रग बनवतात, आणि आजीचं झाड वेगळं. संध्याकाळी बायको तिला घेऊन खाली निघाली. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या लेबनीज बाई होत्या. मुलीने त्यांना माझ्या वाक्याचा पहिला भागच सांगितला, तोही आपल्या पद्धतीने. "माय डॅड राइट्स अबाउट अ ड्रग प्लांट. माय ग्रँडमदर हॅज द सेम वन."

बायको खाली उतरलीच नाही. त्याच लिफ्टने वर आली.

"उपट. सगळी. आत्ता."

"ती अंबाडी आहे," मी म्हणालो. "गांज्याच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात. हिची तळाशी जोडलेली आहेत. शिवाय चव आंबट."

"हे तू पोलिसांना चाखायला देणार आहेस का? आणि कुठल्या भाषेत सांगणार? तोवर माझी शाळा मला ठेवेल?"

सासूबाई दारात आल्या. "जावईबापू, अंबाडीला कसले पोलीस? खातात की हिला."

"आई, इथे कोणी खात नाही."

"मग त्यांचं नशीब."

उपटायचं ठरलं. पण उपटून टाकायचं कुठे? तो भारा कचऱ्याला न्यायचा म्हणजे पुन्हा तीच लिफ्ट, खाली तोच वॉचमन. त्यामुळे पानं खावी लागली. रात्री भाजी, सकाळी भाजी, डब्यात भाजी. मुलगी म्हणाली, "नॉट अगेन." तिला यावर बोलण्याचा अधिकार नव्हता, असं बायकोने तिला सांगितलं.

रोपांचे दांडे उरले. ते मोडून काळ्या पिशव्यांत भरावे, असं मी सुचवलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. "फेकायचे कशाला? वाख निघंल चांगला. वाळत घालायला दोरी नाही तुमच्याकडं." त्यांनी दांडे बाथरूममधल्या बादल्यांत पाणी घालून बुडवले. वाख, म्हणजे दोरीचे धागे, सुटायला ते कुजावे लागतात, हे त्यांनी नंतर सांगितलं. तोपर्यंत घराला गोठ्याजवळच्या डबक्याचा वास यायला लागला होता. मी त्याच घरात बसून आंबा आणि अननस यांपैकी एक वास निवडत होतो.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. बायकोने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि ती माझ्याकडे वळली. बाहेर लेबनीज बाई होत्या, मागे वॉचमन. बायकोने दार उघडलं.

"हबीबती, तुमच्याकडे ड्रेनेज फुटलंय का?" बाई इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या किचनपर्यंत वास येतो. तुमचं कार्पेट वाचवा." मग मुलीचा गाल धरून म्हणाल्या, "हिला आम्ही लेखिका करणार. काय काय गोष्टी सांगते!"

वॉचमन आत बघत होता. "मॅडम, बाथरूम देख लूँ?"

"नको. आम्ही प्लंबर बोलावलाय," बायको म्हणाली. "उद्यापर्यंत होईल. इन्शाल्ला."

दार लागलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतात त्या? त्यांना सांग, अजून दोन दिवस कळ काढा."

बायकोने लॅपटॉप उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "तो लेख करायचा नाही, परत पाठव. बादल्यांचं मी बघते."

मी मालकांना फोन लावला. फोन संपेपर्यंत ती समोरून हलली नाही.