काकांच्या लाँचचं काय झालं

दर रविवारी पोहे खाऊन झाले की उत्तरेतल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ती लाँच नव्याने बुडवली जायची. बुडवणारे म्हणजे वडिलांच्या ऑफिसातले दोघं-तिघं मराठी लोक आणि शेजारचे एक रिटायर्ड साहेब. माझे धाकटे काका सुट्टीला कोकणात गेले होते. खाडीच्या मुखाशी त्यांची प्रवासी लाँच उलटली आणि काका सापडलेच नाहीत. खरी माहिती एवढीच. बाकी सगळा माल आमच्या पुढच्या खोलीत तयार व्हायचा.

मालकाने विम्यासाठी बुडवली, हे सुरुवातीला. मग तळाशी चोरटं सोनं होतं असं निघालं. नंतर कुठून तरी एका जहाजाची बातमी आली. कोणा वाचलेल्या माणसाने म्हणे स्वतः पाहिलं होतं. साहेबांनी लगेच सगळं जुळवून टाकलं: जहाज सोनं न्यायला आलं होतं, ज्या उतारूंनी ते पाहिलं त्यांना त्याच जहाजातून अरबस्तानात नेलं आणि इकडे चौकशी दाबली. "बिल्कुल सरळ आहे हो," असं म्हणून ते आणखी चहा मागायचे. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची! कारण तो चहा काकूच घेऊन यायची.

काकू शाळेत शिकवायची. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, सगळं जागच्या जागी. आजी, म्हणजे काकांची आई, दुसरं काही चालूच द्यायची नाही. "माझा मुलगा अरबस्तानात आहे," भाजीवाल्यालासुद्धा ती हिंदीत ठणकावून सांगायची. आणि काकूच्या शाळेतले गणिताचे सर काकूशी लग्न करायला तयार होते. तिलाही ते हवे होते. हे तिने मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होते. "सात वर्षं झाली, कायदा आता आड येत नाही गं," ती म्हणाली. "सासूबाई येतात. 'तो गेला' असं त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय माझ्याने नाही व्हायचं."

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत कळलं की त्या लाँचमधून वाचलेला तो माणूस गाझियाबादला एका कारखान्यात लागलाय. काकू म्हणाली, मी जाऊन विचारते. आजीला कोण आनंद! साहेब म्हणाले, जहाजाचा झेंडा कुठला होता ते नक्की विचारा. निघताना आईने दारातच काकूला कुंकू लावलं. सवाष्ण बाहेर पडताना लावायचं, म्हणून लावलं. आईच्या मनात दुसरं काही नव्हतं.

सोबतीला मी होते. बसमध्ये काकूने तिकिटं पर्समध्ये ठेवली. "तो गेला, असं ऐकायला मी चाललेय," ती पुटपुटली. "कसली बाई आहे मी?"

"माणूस आहेस," मी फटकन म्हटलं. मला रडू येत होतं, म्हणून जास्तच फटकन.

एका खोलीचं घर होतं. त्याच्या बायकोने पाणी दिलं. काकूने काकांचं नाव सांगितलं. त्या माणसाने काकूच्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"वहिनी, काळजी करू नका. जहाज आलं होतं. त्यांनी दोर टाकला. तुमचे मिस्टर चढताना मी बघितलं."

काकू पांढरीफटक पडली. आणि माझं सांगते, काका जिवंत आहेत हे ऐकून मला काय वाटलं? आनंद बिनंद काही नाही, नुसती भीती. काकूने पेला खाली ठेवला.

"दादा, मी दुसरं लग्न करायचं म्हणतेय. आता सांगा."

त्याने बायकोकडे पाहिलं. वरती पंखा घरघरत होता. शेवटी त्याची बायको म्हणाली, "सांगून टाका हो एकदाचं."

"जहाज नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "मी डोळे मिटून फळी धरली होती. आजूबाजूला कोण बुडालं तेसुद्धा बघितलं नाही. हॉस्पिटलात एक म्हातारी माझे पाय धरून बसली, मुलगा कुठाय म्हणून. काय सांगणार? म्हटलं, जहाज आलं, त्याला घेतलं. ती उठली आणि दोन घास जेवली. मग दुसरी आली. मग मी सगळ्यांनाच तेच सांगत गेलो."

काकूने त्याला नमस्कार केला. तिथे ती रडली नाही. परतीच्या बसमध्ये मात्र तिचा बांध फुटला, अगदी मोठ्याने. सगळी बस वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "क्या हुआ, बहनजी?"

"पति गुज़र गए।"

"हाय राम! कब?"

"आज," काकू म्हणाली.

घरी सगळे वाट बघत बसले होते. काकूने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आजीचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. तेवढ्यात साहेबांनी कप खाली ठेवला.

"अच्छा! म्हणजे ते सोनेवाले त्याच्यापर्यंतही पोचले तर. अहो, कोकणातला माणूस गाझियाबादला कसा? नोकरी कोणी लावली त्याला? तोंड बंद ठेवायला पैसे चारलेत, पैसे!"

आजीच्या चेहऱ्यावर परत रंग आला. तो बघून मी किंचाळलेच, "पुरे करा हो तुमचं!" वडिलांनी मला गप्प बसवलं, साहेबांना नाही. काकू आत गेली, साबणाने तोंड धुतलं आणि मोकळ्या कपाळाने बाहेर येऊन कप उचलायला लागली.

थंडीत तिने कोर्टात लग्न केलं. साक्षीदार म्हणून वडिलांनी सही केली. आजी आली नाही. तरी काकू दर आठवड्याला तिला भेटायला यायची, तिची वेणी घालायची, नखं कापून द्यायची. आजी मुकाट्याने हात पुढे करायची. काकू जिना उतरून गेली की मात्र मला जवळ ओढायची आणि कानात सांगायची, "हिच्यासमोर लाँचचं काही बोलत जाऊ नकोस. ही त्यांना मिळालीय."