किती बोटं

"किती बोटं हायत, सांग." मालकाने माझ्या तोंडासमोर हात धरला.

"तीन," मी म्हणाले.

डाळमिलच्या शेडातल्या साऱ्या बाया हसल्या. ती मूठ होती. मीही हसले. त्या हसण्याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

माझं वय छत्तीस. चुडाव्याहून, माझ्या गावाहून, गाडीने परभणीला यायचं आणि दिवसभर उडदाच्या पांढऱ्या डाळीतून खडे वेचायचे. पाखरं शिरतात म्हणून शेडाचं दार बंद. जेवणही आतच. चौदा वर्षं अशी गेली. मग डाळीवर धूर बसल्यासारखं दिसायला लागलं. कुणाला सांगितलं नाही. नजर गेली की काम गेलं. खडे चाचपून वेचू लागले, तरी एखादा राहायचाच. तो सापडला की मालक पोतं माझ्यासमोर ओतायचा आणि बोटं धरायचा. रोजचा तमाशा. मी अंदाजाने आकडा सांगायचे.

शेवटी परभणीतल्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनीही तसाच हात समोर धरला. मला घाम फुटला.

"दोन. न्हाई, चार."

"अंदाजाने नका सांगू ताई. दिसत नसेल तर नाही म्हणा."

"न्हाई दिसत," म्हणाले आणि रडूच कोसळलं. एवढी साधी गोष्ट, पण तिथे शेडात ती बोलायची माझी कधी हिंमत झाली नव्हती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रक्तात डी जीवनसत्त्व अगदीच कमी, कॅल्शियमही खाली. इतक्या लवकर मोतीबिंदू व्हायला तेही कारण असू शकतं, बाई म्हणाल्या. ऑपरेशनसाठी नाव लिहिलं, गोळ्या दिल्या. वर म्हणाल्या, रोज थोडं उन्हात बसा. आमच्या परभणीत ऊन औषध म्हणून सांगावं लागलं.

मालकाला म्हणाले, "जेवायच्या सुट्टीत दाराबाहेर बसू द्या. डॉक्टरनं सांगितलंय."

"तुमच्या लोकायला ऊन कशाला पायजे? जन्मच उन्हात गेला तुमचा." त्याने पुन्हा हात वर केला. "सांग, किती?"

या वेळी कुणी हसलं नाही. बायांनी माना खाली घातल्या.

"न्हाई दिसत," मी म्हणाले. "तुमच्या या बंद दारामागं गेले माझे डोळे. आता बोटं मोजणार न्हाई."

"मग घरी बस."

मी भिंत चाचपत दाराशी गेले. कडी काढली आणि पायरीवर उन्हात बसले. मागून कुणीही आलं नाही.

ऑपरेशनचा नंबर अजून लागलेला नाही. उद्या काम असेल की नाही, ठाऊक नाही. पण उद्या दुपारीही मी त्याच पायरीवर असेन. त्याने आत घेतलं तर दार उघडून बाहेर येईन. नाही घेतलं तर रस्त्यावरून येऊन बसेन. आणि ते दार माझ्या हाताने पुन्हा बंद करणार नाही.