आबांच्या मेंदूतलं रक्त आणि डॉक्टरांचं ‘बघू’

औषधाच्या रिकाम्या बाटल्या आम्ही पेशंटकडून परत मागून घ्यायचो. किस्से मात्र कुणीच परत नेत नसे, त्यामुळे ते माझ्याकडे साठतच गेले! दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या दिवसांत मी साताऱ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर एरवी हुशार, पण मेंदूतल्या रक्तस्रावाचा पेशंट आला, की माणूस बरा होणार का, हे सांगताना त्यांची पार भंबेरी उडायची. माझी तर विचारूच नका. त्यातले सगळ्यात जास्त किस्से एकट्या आबांचे.

*

आबा, म्हणजे हणमंतराव, मेढ्याकडचे शेतकरी. बांधावर उभे होते ते एकदम कोसळले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत घालून त्यांचा भाऊ बापू आणि बायको सगुणाबाई त्यांना दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, “मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. उद्याचा दिवस दिसेल असं वाटत नाही.”

झालं! दुसऱ्या दिवशी सगळी भावकी दारात हजर, आणि आत आबा खुशाल घोरतायत. बापूनं विचारलं, “डाक्टर, पावन्यांनी थांबायचं का जायाचं?”

“थांबा,” डॉक्टर म्हणाले.

“थांबतो की. पर कशासाठी, त्ये सांगा!”

डॉक्टर म्हणाले, “बघू.” पाहुणे बिचारे चहा पिऊन गेले.

*

डोळ्यांत उजेड टाकून बाहुली आकसते का ते बघायचं होतं. लढाईमुळे टॉर्चचे सेल कुठे मिळेनात. डॉक्टरांनी सरळ काडी पेटवली आणि आबांच्या तोंडाजवळ नेली.

बापू किंचाळलाच, “आवं, दम धरा जरा! अजून जित्ता हाय त्यो!”

*

खरी अडचण वेगळीच होती. आबांच्या मुलीचं, हौसाचं, लग्न ठरलेलं. नवरामुलगा फौजेत, रजा संपत आलेली. आबा गेले तर सुतक, लग्न लांबणार, आणि मुलगा पुन्हा फ्रंटवरून कधी येणार ते देवालाच ठाऊक. बरं, घाईनं उरकावं, आणि आबा शुद्धीवर आले तर? “मला सोडून पोरीवर अक्षता टाकल्या,” हे त्यांनी जन्मभर बोलून दाखवलं असतं. बापू म्हणायचा उरका, सगुणाबाई म्हणायच्या थांबा.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “सांगता येत नाही. जगतील किंवा नाही जगणार.”

“एवढं तर आमच्या गावचा गुरव बी सांगतो,” बापू म्हणाला, “आन् त्याला डिग्री न्हाई!”

*

शेवटी सांगलीहून एक मोठे डॉक्टर बोलावले. त्यांनी तळव्यांवर किल्ली ओढली, गुडघ्यांवर हातोडी मारली आणि म्हणाले, “जगतील, पण कुणाला ओळखणार नाहीत.”

आमचे डॉक्टर म्हणाले, “मला उलट वाटतं. जगणं कठीण, पण जगले तर ओळखतील.”

बापू डोकं धरून खाली बसला. “म्हंजी मानूस ऱ्हायला तर वळख न्हाई, आन् वळख ऱ्हायली तर मानूस न्हाई! लगीन कुनाच्या भरवशावर धरू?”

दोघंही डॉक्टर एकदम म्हणाले, “बघू!”

*

आबा चमच्यानं पेज गिळायला लागले. सगुणाबाई हरखल्या. डॉक्टरांनी समजावलं, “बाई, गिळणं आपोआप होतं. त्यात शुद्ध असतेच असं नाही.”

“मग औशिद तेवढं का थुकत्यात?”

डॉक्टरांनी ते औषध स्वतः बोटावर घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाले, “जरा साखर घालत जा हो!”

*

शेवटी बापू मोटार ठरवूनच आला. आबांना घरी न्यायचं आणि श्वास चालू आहे तोवर अक्षता टाकून घ्यायच्या. सगुणाबाई रडायला लागल्या. मलाही फार वाईट वाटलं, पण सांगणार काय?

डॉक्टर म्हणाले, “एकदा शेवटचं बघतो.” कानाशी वाकून ओरडले, “हणमंतराव!” काही नाही. बापूनं हाका मारल्या. काही नाही.

डॉक्टर सगुणाबाईंना म्हणाले, “आता तुम्ही हाक मारा. नावानं. ऐकलं तर लग्न थांबवा. नाही तर उरकून घ्या.”

बाईंनी पदर पुढे ओढला. “आवं, नाव कसं घिऊ? कवा घेतलं न्हाई. उखान्यात घेतलं आसंल तेवढंच.”

“उखाणा राहू द्या हो! नुसतं नाव घ्या!”

बापूनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मीही फिरवलं. मग बाई खाली वाकल्या, आणि लाजत, रडत, कशाबशा बोलल्या, “हनमंतराव!”

आबांचा एक डोळा उघडला. तोंड वाकडं, जीभ जड. बाईंकडे बघत राहिले, आणि मग हळूच म्हणाले,

“आन्... उखाना?”