मिल्काच्या थोरल्याचे दोन बाप

मिल्काला दोन नवरे झाले, आणि दोघे सख्खे भाऊ. यात तिची काही चूक नव्हती. बाबेलच्या कालव्याकाठी थोरला अजबूक तापानं गेला, मागे मूलबाळ नाही. मग रीतीप्रमाणे धाकट्या यादोननं वहिनीशी लग्न लावलं. रीत अशी, की या लग्नाचा पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावावर चढवायचा. पुढचे आपले. पलट्या जन्मला तेव्हा गावच्या वडीलधाऱ्यांनी यादीत लिहिलं, पलट्या, अजबूकचा मुलगा.

पण यादोनही बापच होता हो. पोराला खांद्यावर घेऊन कालवाभर हिंडायचा. पुढे यरुशलेमला परतणाऱ्या तांड्याची नोंद झाली, तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला, "दोन मुलगे. पलट्या आणि हशूम. लिहा, यादोनचे." मिल्का शेजारीच होती. तिनं त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं होतं. पण नवऱ्याचा चेहरा इतका फुललेला, की तिची जीभच उचलली नाही. यादोन वाटेतच वारला.

घराणं याजकांचं, वेदीवर बळी देणाऱ्यांचं. मंदिरात सेवेला घेण्याआधी वंशावळ बघत. हशूम नंतरचा, त्याचं नाव तांड्याच्या एकाच यादीत. त्याला त्याच दिवशी तागाचा झगा मिळाला. थोरल्याचं नाव निघालं दोन याद्यांत, बाबेलच्या गावच्या आणि तांड्याच्या.

"एका माणसाला दोन बाप?" लेखनिक शमाया म्हणाला. "माझ्या नोकरीत पहिल्यांदाच बघतोय."

मिल्का पुढे झाली. "दादा, मी सांगते ना. दोघेही याजकच होते. दोन्ही पोरं माझ्याच पोटची."

"बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण पोट यादीत लिहीत नाहीत. त्या लग्नाला साक्षी असलेला कुणी पुरुष आणा."

आणायचा कुठून? सगळे बाबेलातच मातीला मिळालेले. शमाया वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यानं आवाज खाली आणला. "एक वाट आहे. यादोननं खोटी नोंद दिली, अशी शपथ घे पलट्या. मग एकच यादी उरते. आजच घेतो तुला."

"आणि हशूम?" पलट्यानं विचारलं.

"तो त्याच खोट्या नोंदीवर आत आलाय. त्याला झगा उतरवावा लागेल."

हशूम तिथेच उभा होता. त्यानं झग्याची कड मुठीत धरली. पलट्यानं आईकडे पाहिलं. मिल्का काय म्हणणार? एकाला आत ढकलायचं तर दुसऱ्याला बाहेर. तिनं मान खाली घातली, आणि पोरगा समजायचं ते समजला.

"माझा बाप खोटं बोलला नाही," तो म्हणाला.

शमायानं लिहिलं: कौल लावणारा याजक उभा राहील, तोवर हा बाहेर. देवाला कौल लावायचे ते खडे जुनं मंदिर जळालं तेव्हाच गेले होते. ते कुणाकडे नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पलट्या दगड फोडायच्या कामाला लागला. हशूमच्या घरी शिजायचं ते वेदीवरचं मांस, ते याजकांनीच खायचं, त्याला चालत नसे. मग तो भावाकडे जाईनासा झाला. कुरकुर म्हणून नाही केली. मिल्काला वाटे, एकदा तरी भांडावं यानं माझ्याशी.

दगडकामाच्या नवव्या वर्षी छातीत कफ दाटून तो गेला. मिल्कानं आपल्या हातानं लेकाला न्हाऊ घातलं. हशूम आला, पण गल्लीच्या पलीकडेच थांबला.

"ये ना रे," ती म्हणाली. "खांदा दे."

हशूमचे डोळे लाल झाले होते. "आई, याजकानं मढ्याला शिवायचं नसतं. सख्ख्या भावाला चालतं, चुलत्याच्या मुलाला नाही. मी शमायाला विचारून आलो. तो म्हणाला, हा तुझा कोण, ते अजून ठरलेलं नाही."

मिल्कानं त्याच्याकडे पाठ केली आणि शेजाऱ्यांना म्हणाली, "उचला बाबांनो. याचं इथे कुणी नाही."