वामनरावांचं पोटभर जेवण

दारव्हा रोडच्या त्या गल्लीत वामनरावांना निवृत्त हेडक्लार्क म्हणून कमी आणि खाणारा माणूस म्हणून जास्त ओळखत. पंगतीत ते बसले की वाढपी आधीच बादली भरून आणत. गोळाभातावर तेल घेता घेता ते शेजारच्याला सांगत, की अन्नाशी लाजू नये. आता त्याच माणसाला वाटीभर मऊ भात संपता संपत नव्हता. दैवाला थट्टा करायला नेमका हाच गडी सापडला.

कॅन्सरमुळे नागपूरला त्यांचं जठर सगळंच्या सगळं काढलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. अन्न साठवणारी पिशवीच उरली नाही, तेव्हा दिवसातून सात-आठदा थोडं थोडं खा, जास्त खाल्लं तर ते एकदम आतड्यात उतरेल आणि सोसणार नाही, असं सर्जननं चित्र काढून समजावलं. वामनरावांना ते कळलं. त्यांच्या बायकोनं, रत्नप्रभाबाईंनी, त्यातलं एकच धरून ठेवलं, ते म्हणजे नवी जोडणी. नवं आहे तर तान्ह्या लेकराच्या पोटासारखं हळूहळू वाढेलच, असं त्या शेजारणींना सांगत.

बाई लग्नापासून नवऱ्याचं जेवण उरकल्याशिवाय ताटावर बसल्या नव्हत्या. पण आता वामनरावांचं जेवण म्हणून कधी उरकतच नसे. बाई चहात टोस्ट बुडवून दिवस काढू लागल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एका सकाळी त्या नळाजवळ भोवळ येऊन पडल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त फार कमी झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, जेवत नाही का?

आपला आजार आपल्यापुरता आहे, असं वामनराव समजत होते. त्यांनी बायकोला समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही असे चिमणीवानी टिपून राह्यले, अन् मी समोर बसून पोटभर जेवू? घासच उतरत नाही जी. तुमचं होऊ द्या, मंग बसतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाटावर बसले आणि म्हणाले, आज भूक लागली आहे, पातोडीचा रस्सा कर. वामनराव दोन पोळ्या जेवले, रस्सा ओरपला, वर भातही मागितला. मग त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि आपल्या हातानं वाढलं.

ती जेवू लागली. थोड्याच वेळात वामनरावांच्या पोटात पीळ पडला. छाती धडधडू लागली, सदरा घामानं ओला झाला, डोळ्यांपुढे भिंत फिरू लागली. आडवं व्हायला हवं होतं. पण आपण उठलो तर ही ताटावरून उठेल, एवढं त्यांना ठाऊक होतं. पाटाची कड घट्ट धरून ते बसून राहिले आणि रस्सा छान झाल्याचं सांगत राहिले. घाम पाहून तिनं विचारलं, तेव्हा तिखट लागलं म्हणाले.

रत्नप्रभाबाईंनी कित्येक महिन्यांनी ताट पुसून खाल्लं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होती, पोट वाढन म्हणून. उद्या एक पोळी जास्त करतो तुमच्यासाठी."

वामनरावांनी मान डोलावली.