समोरच्यांच्या स्टँडमध्ये

लेकीला कॉलेजच्या बँडकडून बोल गेमची घरच्यांसाठी दोन तिकिटं मिळाली होती. ती तिने मावशीला आणि काकांना देऊन टाकली. म्हणजे माझ्या मेहुणीला आणि साडूला. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, यू विल फाइट विथ समबडी." साडू पीएचडी, त्यांना अमेरिकन फुटबॉल कळतं. मी अर्विंगमध्ये शून्यातून किराणा दुकान उभं केलं, पण माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, हे तिला ठाऊक होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, पण ती तिकिटं अजून खुपतात.

बोल गेम म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या मोसमाच्या शेवटचा मानाचा सामना. मध्यंतरात लेक ट्रम्पेट वाजवत मैदानात उतरणार होती. मी बायकोला म्हटलं, "आपण जायचं. आणि मी भांडणार नाही. तिला खोटं ठरवून दाखवतो."

"बघू," बायको म्हणाली.

स्टेडियमबाहेर काउबॉय टोपीवाला एक जण तिकिटं विकत होता. मी निम्मी किंमत सांगितली. त्याने मान हलवली. मग मी हुकमी डाव टाकला, "राहू दे" म्हणत पाठ फिरवली आणि सावकाश चालू लागलो. आपल्याकडे दहा पावलांत हाक येते. इथे वीस झाली, तीस झाली.

"अहो, तो आपल्याकडे बघतही नाहीये."

नाही म्हणजे नाहीच, असं समजणारी माणसं ही. पण सामना सुरू झाल्यावर शिळी भाजी आणि तिकीट सारखंच, हे मला कळत होतं. दहा मिनिटांनी तोच आमच्याकडे आला आणि निम्म्याहून कमी किमतीत देऊन गेला. मी खूश. आत गेल्यावर कळलं, जागा समोरच्या संघाच्या स्टँडमधल्या होत्या. जिकडेतिकडे त्यांचे लाल शर्ट.

मध्यंतरात बँड आला आणि पलीकडच्या, आपल्या संघाच्या लोकांकडे तोंड करून वाजवू लागला. साडूंना चेहरे, मला दोनशे पाठी. डोकं तापायला लागलंच होतं, तेवढ्यात शेजारचा म्हातारा खिदळत म्हणाला, कुंपणात अडकलेल्या गाईसारखा आवाज येतोय.

मी उठलो.

"बसा," बायको म्हणाली. हात धरला नाही, वर पाहिलंही नाही.

बसलो. आणि जन्मात काढला नसेल इतक्या मऊ आवाजात त्याला म्हणालो, "त्यातली एक माझी मुलगी आहे."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात ठेवली. "कुठली?" त्याने विचारलं. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, केस आत खोचलेले. मला काही कळेना. बायकोने दुर्बीण ओढून घेतली.

"ती बघा, तिसऱ्या रांगेत. डावा पाय बाहेर टाकतेय. तुमच्यासारखा."

शेवटचं गाणं वाजवायला बँड आमच्याकडे वळला. दुर्बिणीतून तिचे फुगलेले गाल दिसले. म्हाताऱ्याने माझ्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

सामना अगदी टोकाला गेला. काही सेकंद उरले, लेकीचा संघ दोन गुणांनी मागे. किक मारून दोन खांबांमधून चेंडू गेला की तीन गुण. म्हाताऱ्याने माझा दंड आवळला. चेंडू उंच गेला, सरळ गेला, आणि खांबाच्या हातभर बाहेरून पडला. स्टँड उसळलं. म्हाताऱ्याने मला मिठी मारली, मग भानावर येऊन "सॉरी, सॉरी" म्हणू लागला. मला हसूच आलं.

बँडच्या बसपाशी लेक रडवेली उभी होती. आम्हाला पाहून म्हणाली, "यू केम? हू डिड यू फाइट विथ?"

"कुणाशीही नाही," बायको म्हणाली. "मी साक्षीला आहे."

लेकीने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि नाक पुसलं.

"काका कुठेत?" मी विचारलं.

"दे लेफ्ट. मॅच संपायच्या आधीच, थर्ड क्वार्टरमध्ये. ट्रॅफिक लागेल म्हणून."

यावर माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. मी तिच्या हातातली ट्रम्पेटची पेटी घेतली आणि बसमध्ये नीट ठेवून आलो.